विश्लेषण : बीटी कापसामुळे मित्रकीटकांचे नेमके काय झाले?

बोंडअळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणारा बीटी कापूस देशात येऊन दोन दशके उलटली. महाराष्ट्रातील जवळपास सगळा कापूस आज बीटी आहे. पण कापसाच्या शेतात फक्त बोंडअळी राहत नाही. तिथे मधमाश्या येतात, ढालकिडे मावा खातात, कोळी जाळी विणतात, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या अळ्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. या 'लक्ष्य नसलेल्या' कीटकांवर बीटी पिकांचा काय परिणाम झाला? यावर जगभर संशोधन झाले आहे. त्यातून मिळालेले उत्तर बीटीचे समर्थक आणि विरोधक, दोघांनाही थोडे अडचणीचे आहे.

बीटी प्रथिन अळीलाच का मारते?

'बीटी' हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जमिनीतल्या जिवाणूचे लघुरूप. जपानचे शिगेताने इशिवाता यांना तो १९०१ मध्ये रेशीमकिड्यांच्या साथीचा शोध घेताना सापडला. दहा वर्षांनी जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात पिठातल्या पतंगाच्या अळीत तो अर्न्स्ट बर्लिनर यांना पुन्हा आढळला आणि त्या प्रांताचे नाव त्याला चिकटले. म्हणजे या जिवाणूची पहिली नोंदच मुळी माणसाच्या उपयोगी पडणाऱ्या कीटकाचा मारेकरी म्हणून झाली आहे. 'बीटी फक्त किडींनाच मारते' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. बीटीला कीड आणि मित्र यांतला फरक कळत नाही. त्याला कळते ते कीटकाचे कूळ.

हा जिवाणू 'क्राय' नावाची प्रथिने स्फटिकाच्या रूपात तयार करतो. अळीने ती खाल्ली की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ती विरघळतात, तिथली विकरे त्यांचे तुकडे करतात आणि मग ते तुकडे आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राहकांना, म्हणजे कुलपात किल्ली बसावी तसे, चिकटतात. पेशींना भोके पडतात, अळी खाणे थांबवते आणि मरते. यातली एकही पायरी चुकली तर विष लागू पडत नाही. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि ते ग्राहकही नसतात. मधमाशीतही ते नसतात.

क्राय प्रथिनांचे अनेक प्रकार आहेत. भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसात 'क्राय१एसी' होते. २००६ मध्ये आलेल्या बीजी-२ मध्ये त्याच्या जोडीला 'क्राय२एबी' आले. दोन्हींचा रोख पतंग-फुलपाखरांच्या कुळातील अळ्यांवर. भुंगेऱ्यांवर चालणारी 'क्राय३' ही वेगळी प्रथिने अमेरिकेतील मक्यात वापरली जातात. ढालकिडा हाही भुंगेऱ्याच्याच कुळातला, त्यामुळे त्या मक्याबाबत ढालकिड्याचा प्रश्न अधिक जवळचा ठरतो. आपल्या कापसाबाबत मात्र खरी शंका होती ती फुलपाखरांची, रेशीमकिड्यांची आणि या अळ्या खाऊन जगणाऱ्या मित्रकीटकांची.

मोनार्क फुलपाखराचा वाद काय होता?

या विषयाला जगभर तोंड फुटले ते मे १९९९ मध्ये. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन लोझी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. मोनार्क हे केशरी-काळे फुलपाखरू हजारो किलोमीटर प्रवास करून मेक्सिकोत हिवाळा काढते. त्याच्या अळ्या फक्त मिल्कवीड या रानवनस्पतीवर वाढतात. ही वनस्पती आपल्या रुईच्या नात्यातली. आपल्याकडे रुईवर वाढणारे 'प्लेन टायगर' हे केशरी फुलपाखरू तसेच मोनार्कच्या नात्यातले. लोझींनी मिल्कवीडच्या पानांवर बीटी मक्याचे पराग भुरभुरले आणि ती पाने अळ्यांना खायला दिली. चार दिवसांत ४४ टक्के अळ्या मेल्या. साधे पराग असलेल्या पानांवर एकही मेली नाही.

टिपण पानभराचेच, पण परिणाम मोठा झाला. मोनार्क हे जनुक-बदल विरोधी चळवळीचे चिन्हच बनून गेले. प्रयोगात एक उणीव होती. पानांवर पराग किती टाकले, याचे मोजमाप नव्हते आणि शेतात प्रत्यक्षात किती पडतात, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मग अमेरिका आणि कॅनडातील शास्त्रज्ञांनी दोन वर्षे शेतांत जाऊन मोजणी केली. मका फुलोऱ्यात असताना शेताच्या आत मिल्कवीडच्या पानांवर एका चौरस सेंटिमीटरला सरासरी १७० च्या आसपास परागकण आढळले. सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या बीटी मक्याचे पराग हजारावर गेले तरी अळ्यांवर लगेच दिसेल असा परिणाम होत नव्हता. 'बीटी १७६' हा एक प्रकार मात्र खरोखरच घातक निघाला, कारण त्याच्या परागांत प्रथिन भरपूर तयार होत असे. तो दोन टक्क्यांहून कमी क्षेत्रावर होता आणि लवकरच बाजारातून गेला.

इथे कथा संपली असे बीटीच्या समर्थकांना वाटते. पण मोनार्कची संख्या त्यानंतरही घसरत राहिली. मधल्या काळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम पट्ट्यात तणनाशक सहन करणारे सोयाबीन आणि मका आले. त्यावर ग्लायफोसेट फवारले की पीक टिकते, तण मरते. आणि मिल्कवीड हे शेतकऱ्याच्या लेखी तणच. १९९९ ते २०१० या काळात त्या भागातील मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज जॉन प्लेझंट्स आणि कॅरेन ओबरहाऊजर यांनी मांडला. सगळे जग परागांतले विष मोजत असताना फुलपाखराच्या पायाखालचे झाडच काढून घेतले जात होते. महाराष्ट्राशी याचा संबंध आहे, तो पुढे येईल.

आजारी अळी खाल्ली तर क्रायसोपाचे काय?

मोनार्कच्या एक वर्ष आधी स्वित्झर्लंडमध्ये आणखी एक वाद पेटला होता. क्रायसोपा हा जाळीदार हिरव्या पंखांचा कीटक आपल्या कापूस उत्पादकांना चांगला परिचित आहे. त्याच्या अळ्या मावा, तुडतुड्यांची पिल्ले, बोंडअळीची अंडी फस्त करतात. ॲन्जेलिका हिल्बेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की, बीटी मका खाल्लेल्या अळ्या भक्ष्य म्हणून दिल्यास क्रायसोपाची ६२ टक्के पिल्ले मरतात, तर साधा मका खाल्लेल्या अळ्या दिल्यास ३७ टक्के. विष अन्नसाखळीतून वर चढते आहे, असा याचा अर्थ लावला गेला.

पुढच्या काही वर्षांत हा गुंता सुटत गेला. त्यात एक गमतीदार पुरावा कोळीचा, म्हणजे पानांवरच्या लाल कोळी किडीचा. बीटी मका खाणाऱ्या या कोळीच्या अंगात क्राय प्रथिन भरपूर साठते, पण तिला स्वतःला त्याने काही होत नाही. अशी विषाने भरलेली, तरीही धडधाकट कोळी खाऊन क्रायसोपाही धडधाकटच राहिला. शुद्ध प्रथिन साखरेच्या पाण्यातून थेट पाजले तरी त्याला काही झाले नाही. मरत होता तो विषाने नव्हे, तर भक्ष्य आजारी आणि निकस असल्यामुळे, असा निष्कर्ष पुढे बहुतेकांनी स्वीकारला. हिल्बेक यांना तो पूर्ण मान्य नव्हता आणि वाद बराच काळ चालला.

माव्याची गोष्ट तर आणखी सोपी आहे. मावा झाडाच्या अन्नवाहिनीतला रस शोषतो आणि त्या रसात बीटी प्रथिन नसतेच किंवा नगण्य असते. त्यामुळे मावा खाणाऱ्या ढालकिड्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

मधमाश्यांबाबत २००८ मध्ये २५ वेगवेगळ्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. क्राय प्रथिनांमुळे मधमाश्यांच्या जगण्यावर परिणाम आढळला नाही. कापसाचे पराग जड आणि चिकट असतात, ते मक्याप्रमाणे वाऱ्यावर उडत नाहीत. त्यामुळे शेजारच्या तुतीच्या पानांवर पडून ते रेशीमकिड्याच्या पोटात जातील ही भीतीही कापसापुरती फारशी उरत नाही. बीटी जिवाणूची फवारणी ही वेगळी बाब आहे. ती तुतीजवळ करूच नये.

एका गटाला मात्र बीटीमुळे निश्चित फटका बसतो. बोंडअळीच्याच अंगात वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या, उदाहरणार्थ हिरव्या बोंडअळीवरील कॅम्पोलेटिस. यजमानच उरला नाही तर पाहुण्याने जगायचे कशावर? अर्थात बोंडअळी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने संपवली असती तरी हेच झाले असते.

मग बीटी निर्दोष आहे का?

इथे खरा प्रश्न येतो. तुलना कशाशी करायची? मिशेल मार्व्हिए आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये ४२ क्षेत्रीय प्रयोगांचा ताळा मांडला. बीटी शेताची तुलना कीटकनाशके फवारलेल्या साध्या शेताशी केली, तर बीटी शेतात इतर कीटक अधिक आढळले. तीच तुलना अजिबात न फवारलेल्या साध्या शेताशी केली, तर बीटी शेतातले काही कीटक कमी भरले. दोन्ही विधाने एकाच अभ्यासातली आहेत आणि दोन्ही खरी आहेत. बियाणे कंपनीच्या पत्रकात पहिले विधान येते, विरोधकांच्या पत्रकात दुसरे.

कापसाच्या बाबतीत 'न फवारलेले शेत' ही तुलना बरीचशी कागदावरची आहे. नव्वदच्या दशकात देशातील शेतीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी मोठा वाटा एकट्या कापसावर खर्च होत होता. हिरवी बोंडअळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांना दाद देत नव्हती आणि शेतकरी एकात एक मिसळून फवारे मारत होते. त्या शेतात ढालकिडा किंवा क्रायसोपा शोधूनही सापडला नसता. म्हणून बीटीचा मित्रकीटकांवरील सर्वांत मोठा परिणाम प्रथिनातून होत नाही, तो फवारणी पंपातून होतो. बीटीमुळे पंप किती वेळा खाली ठेवला गेला आणि पुन्हा किती वेळा उचलला गेला, यावर सगळे अवलंबून आहे.

चीनमध्ये काय दिसले?

याचा सर्वांत लांब पल्ल्याचा अभ्यास उत्तर चीनमध्ये झाला. कीटकशास्त्रज्ञ वू कोंगमिंग यांच्या गटाने सहा प्रांतांतील ३६ ठिकाणी १९९० ते २०१० अशी वीस वर्षांची माहिती जमवली. तिथे १९९७ मध्ये बीटी कापूस आला. बोंडअळीसाठीचे फवारे घटले तसे ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी वाढले, मावा कमी झाला. हे मित्रकीटक कापसाच्या बांधावर थांबले नाहीत. शेजारच्या मका, भुईमूग आणि सोयाबीनमध्येही त्यांचा वावर वाढला. २०१२ मध्ये 'नेचर'ने हा अभ्यास छापला.

पण याच गटाने दोनच वर्षे आधी, २०१० मध्ये, 'सायन्स'मध्ये दुसरी बाजूही मांडली होती. मिरीड ढेकूण ही कापसावरची किरकोळ कीड. बोंडअळीच्या फवाऱ्यांत ती आपोआप मरत असे. फवारे थांबले आणि ती मोकळी सुटली. पूर्वी कापसाचे शेत या ढेकणांसाठी मरणाचा सापळा होते, आता ते पैदाशीचे ठिकाण बनले. तिथून ते बोर, द्राक्ष, सफरचंद आणि पीचच्या बागांत शिरले. म्हणजे ज्याने फवारणी वाचवली त्याच्या शेतातली कीड शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत गेली. ढालकिड्याला फवारणी कमी झाल्याचा फायदा झाला, तसाच तो मिरीडलाही झाला. मिरीडही 'लक्ष्य नसलेला' कीटकच आहे, हे या चर्चेत अनेकदा विसरले जाते.

भारतातील अनुभव काय सांगतो?

सुरुवात चीनसारखीच झाली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बोंडअळीसाठीच्या कीटकनाशकांचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला, असे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक केशव क्रांती यांनी मांडले होते. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आठवणीतही ही वर्षे चांगली आहेत.

मग रसशोषक किडींची पाळी आली. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी. बीटी प्रथिनाचा यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. चीनमध्ये बीटी सरळ वाणांत आले, भारतात ते संकरित वाणांत आले आणि काही वर्षांतच बाजारात हजाराहून अधिक बीटी संकरित वाण झाले. यातले बरेचसे रसशोषक किडींना बळी पडणारे होते. पानांवर लव असलेल्या कापसावर तुडतुडे टिकत नाहीत, देशी कापूस तर या किडींना बऱ्यापैकी तोंड देतो. पण वाण निवडताना पाहिले गेले ते बोंडाचा आकार आणि उत्पन्न. खतांचा मारा वाढला, झाडे हिरवीगार आणि लुसलुशीत झाली, हंगाम लांबला. कर्नाटकात हावेरी भागात मिरीड ढेकणांनीही डोके वर काढले. रसशोषक किडींसाठीच्या औषधांचा वापर २००६ ते २०११ या पाच वर्षांत दुपटीहून अधिक झाला.

क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये बीटी कापसाच्या दीर्घकालीन परिणामांचा आढावा घेतला. भारतीय शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटी येण्याच्या आधीपेक्षा अधिक खर्च करतो, हा त्यातला सर्वांत बोचरा निष्कर्ष. त्यावर आक्षेपही घेतले गेले. बीटी नसते तर हा खर्च आणखी वाढला असता, असा आक्षेपकर्त्यांचा मुद्दा होता. पण मित्रकीटकांच्या दृष्टीने पाहायचे तर शेतातला पंप परत आला, हे कोणी नाकारत नाही.

पिठ्या ढेकणाने काय शिकवले?

२००५ नंतर गुजरात, पंजाब आणि महाराष्ट्रात कापसाची झाडे पांढऱ्या पिठाने माखल्यासारखी दिसू लागली. हा पिठ्या ढेकूण, मूळचा उत्तर अमेरिकेतला. बीटीमुळे तो आला असे तेव्हा सर्रास बोलले गेले. ते खरे नव्हते, ती बाहेरून आलेली कीड होती. शेतकऱ्यांनी जहाल औषधे मारली. अंगावर मेणाचा थर असल्याने ढेकूण मरेना, मित्रकीटक मात्र मेले.

मग साधारण २००८ मध्ये शास्त्रज्ञांना मेलेल्या, तपकिरी पडलेल्या ढेकणांतून एक इवलीशी गांधीलमाशी बाहेर पडताना दिसली. २००९ मध्ये तिचे एनेशियस बांबावालेई असे नामकरण झाले, ज्येष्ठ कीटकशास्त्रज्ञ बांबावाले यांच्या सन्मानार्थ. ती ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. जिथे फवारणी थांबली तिथे ही माशी वाढली आणि दोन-तीन हंगामांत पिठ्या ढेकणाचा प्रकोप ओसरला. त्यासाठी ना नवे औषध लागले, ना नवे बियाणे. पंप न मारल्याने हे झाले. याची जाहिरात कोणी करत नाही, कारण यात विकण्यासारखे काही नाही.

पाकिटातले दुसरे औषध

बीटी कापसाच्या चर्चेत एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. पाकीट फोडल्यावर सरकी रंगीत दिसते. तो रंग बीजप्रक्रियेचा, आणि त्यात प्रामुख्याने इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड गटातले कीटकनाशक असते. ते अंकुरातून झाडात भिनते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत रसशोषक किडींपासून पीक वाचवते. हा त्याचा उपयोग खरा आहे. पुढे याच गटातली औषधे फवारणीतूनही दिली जातात आणि मग प्रश्न निर्माण होतो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह या गटातील तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांसाठी. बीटी प्रथिनाने मधमाशीला काही होत नाही, हे सिद्ध करण्यासाठी जेवढे प्रयोग झाले त्याच्या तुलनेत त्याच पाकिटातल्या या औषधाची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

शेंदरी बोंडअळीने गणित कसे बिघडवले?

शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या बीटी कापसाला दाद देईनाशी झाल्याचे जाहीर झाले. २०१४-१५ च्या सुमारास बीजी-२ चीही तीच गत झाली. याची कारणे पिकाच्या व्यवस्थेतच होती. झाडाचे वय वाढते तसे प्रथिनाचे प्रमाण उतरते, साधारण ११० दिवसांनंतर ते बरेच खाली येते. वर फरदड घेतल्याने अळीला डिसेंबरनंतरही खाद्य मिळत राहते. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत बीटी जनुके येत नाहीत, काही सरक्या बिनविषारी राहतात. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे चाखत अळी प्रतिकारशक्ती कमावत जाते. बीटीच्या पाकिटासोबत मिळणारी साध्या कापसाची १२० ग्रॅमची पुडी शेताभोवती पेरायची होती. बहुतेकांनी ती पेरलीच नाही. पुढे हे साधे बियाणे बीटीच्या पाकिटातच मिसळून देण्याचा मार्ग निवडावा लागला.

२०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे पोखरली गेली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याच्या वर गेलेली दाट पऱ्हाटी, त्यातून वर धरलेली पंपाची नळी, एकत्र कालवलेली औषधे आणि अंगावर साधा सदरा. फवारणी कमी करणारे म्हणून आलेले तंत्रज्ञान पेरलेल्या शेतात हे घडले.

अमेरिकेच्या ॲरिझोनात हेच प्रथिन वेगळ्या रीतीने वापरले गेले. १९९६ मध्ये बीटी कापूस आला, त्याच वर्षी पांढऱ्या माशीसाठी तेवढ्यापुरतीच मारा करणारी, मित्रकीटकांना फारसा धक्का न लावणारी वाढरोधक औषधे आणली गेली. आश्रय पिकाचा नियम पाळला गेला, पुढे वंध्य केलेले पतंग सोडले गेले. शेंदरी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे अमेरिकेने २०१८ मध्ये जाहीर केले. तिथले हवामान, एकरी क्षेत्र आणि शासनयंत्रणा आपल्यासारखी नाही हे मान्यच. तरी फरक जनुकाने पडला नाही, हे यातून दिसते.

तणनाशक सहन करणारा कापूस आला तर?

मोनार्कच्या मिल्कवीडची आठवण इथे ठेवावी. तणनाशक सहनशील बीटी, म्हणजे 'एचटीबीटी' कापसाला देशात परवानगी नाही. तरीही त्याचे बियाणे वर्षानुवर्षे चोरट्या मार्गाने येते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने त्याची जाहीर लागवड करून कायदेभंग केला. शेतकऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, आणि पावसाच्या झडीत तण पिकाच्या वर जाते.

पण धुऱ्यावरची आणि तासातली रानफुले ही मित्रकीटकांची खानावळ असते. प्रौढ क्रायसोपा आणि बहुतेक परोपजीवी गांधीलमाश्या मध आणि परागांवर जगतात. तणनाशक बेसुमार वापरले गेले तर कीटकनाशकाचा थेंबही न फवारता त्यांची संख्या घटू शकते. जनुक-बदल पिकांच्या मंजुरीसाठी होणाऱ्या चाचण्यांत मधमाशी, ढालकिडा, क्रायसोपा यांना प्रथिन खाऊ घालून पाहिले जाते. पीक आल्यानंतर शेताची राहणीच बदलली तर काय, हे त्या चाचणीतून कळत नाही.

हा प्रश्न सध्या न्यायालयातही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीच्या शिफारशीने 'डीएमएच-११' या जनुक-बदल मोहरीला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. ही मोहरी कीडरोधक नाही, पण तिच्यातही तणनाशक सहन करणारे जनुक आहे. मधमाश्यांवरील परिणामांचा अभ्यास मंजुरीनंतर दोन वर्षांत करा, अशी अट त्यात होती. आधी अभ्यास की आधी मंजुरी, हा त्यातला कळीचा वाद. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. संजय करोल यांनी या मंजुरीबाबत परस्परविरोधी निकाल दिले.

फवारणीआधी काय पाहायचे?

तोवर कापूस उत्पादकाच्या हातात जे आहे ते असे. पेरणीनंतरचे पहिले दोन महिने शक्यतो रासायनिक फवारणी टाळावी, असा कीटकशास्त्रज्ञांचा सल्ला असतो, कारण याच काळात मित्रकीटक शेतात बस्तान बसवतात. त्यानंतरही कीड दिसली की पंप उचलायचा नसतो. पानामागे तुडतुड्यांची दोन ते तीन पिल्ले, मावा किंवा फुलकिडे दहा, पांढरी माशी आठ ते दहा, ही साधारण नुकसानीची पातळी. शेंदरी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली. ही मोजणी करताना त्याच पानांवर ढालकिड्याची अळी दिसते. ती काळी, केशरी ठिपक्यांची, लांबट आणि काहीशी भीतीदायक असते, ढालकिड्यासारखी अजिबात दिसत नाही. अनेक शेतांत पहिला फवारा तिला कीड समजूनच मारला जातो.